खाजगी शाळा आणि कायद्याचा तिसरा माणूस



‘खाजगी’ हा आपल्या भाषेतील मोठा फसवा शब्द आहे. खाजगी पत्र, खाजगी बैठक, खाजगी मालमत्ता असे आपण म्हणतो, तेव्हा तेथे परक्याने डोकावू नये असा अर्थ आपल्या मनात असतो. हाच अर्थ ‘खाजगी शाळा’ ह्या शब्दालाही नकळत चिकटतो. शाळा त्यांची, इमारत त्यांची, शिक्षक त्यांनी नेमलेले. मग आपण पालकांनी किंवा सरकारने मध्ये बोलण्याचे कारण काय, असे पुष्कळ सुशिक्षित गृहस्थही मला विचारतात. ह्या प्रश्नाचे उत्तर आज देण्याचा माझा विचार आहे.

प्रथम माझा अधिकार किती, हे सांगणे बरे. मी भंडारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी खाजगी प्राथमिक शाळेत सदतीस वर्षे शिक्षक होतो; त्यांतील शेवटची बारा वर्षे मुख्याध्यापक. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि त्यावर अध्यापनाची पदविका. कायद्याचा अभ्यास मी केला तो पुस्तकाच्या हौसेने नव्हे. गरज पडली तेव्हा एकेक कलम उघडावे लागले, आणि एका प्रसंगी उघडलेले कलम मी पुन्हा मिटून ठेवले. तोही प्रसंग मी आज सांगणार आहे.

आपल्या प्रांतात खाजगी शाळा आली तीच मुळी सरकारच्या बरोबरीने आली. १८५४ सालच्या वुडसाहेबांच्या खलित्याने अनुदानाची पद्धत घालून दिली. लोकांनी शाळा काढाव्यात, सरकारने खर्चाचा काही भाग द्यावा, आणि त्या मोबदल्यात सरकारी तपासनिसास शाळेचे दार उघडे असावे, असा तो करार होता. पुढे १८८० च्या जानेवारीत पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल निघाले, १९१९ साली भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९३२ साली अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली. ह्या माणसांनी भिक्षापात्र हाती घेऊन ज्या शाळा उभारल्या, त्यांच्या आधारावरच महाराष्ट्रातील माध्यमिक शिक्षण आजही मुख्यतः उभे आहे. आमचा भंडारा जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रदेशात होता आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. परंतु तलावांच्या आणि धानाच्या ह्या मुलखातही चित्र निराळे नव्हते. गावातील चार कर्त्या माणसांनी एकत्र यावे, कोणी जागा द्यावी, कोणी लाकूड द्यावे, आणि सरकारकडे मान्यतेचा अर्ज करावा, अशा रीतीने येथे शाळा झाल्या. तेव्हा आज मी संस्थाचालकांविषयी जे बोलेन ते सरसकट सर्वांविषयी आहे असे कृपा करून समजू नये.

तथापि कालांतराने एक विचित्र स्थिती उत्पन्न झाली. अनुदानित शाळेतील शिक्षकाचा पगार सरकारी तिजोरीतून वेतन पथकाच्या मार्फत येऊ लागला, परंतु त्याची नेमणूक संस्थेच्या सचिवाच्याच हाती राहिली. पैसा एकाचा आणि सही दुसऱ्याची, असा हा प्रकार झाला. आणि जेथे पैसा एकाचा व सही दुसऱ्याची असते, तेथे मधल्या माणसाचे हाल ठरलेले असतात. हा मधला माणूस म्हणजे शिक्षक.

मी १९८० साली नोकरीस लागलो. रुजू होण्याच्या दिवशी कार्यालयातील लिपिकाने माझ्यापुढे दोन कागद ठेवले. एक नेमणुकीचा होता. दुसऱ्यावर चारच ओळी होत्या : ‘घरगुती अडचणीमुळे मी आपल्या पदाचा राजीनामा देत आहे, तो स्वीकारावा ही विनंती.’ खाली सहीची जागा. तारखेची जागा मोकळी. मी गोंधळून पाहिले तेव्हा लिपिक म्हणाले, “गुरुजी, सर्वच करतात. कपाटात पडून राहतो.” मी सही केली. घरी वडील आजारी होते, धाकटी बहीण लग्नाची होती. त्या दिवशी चार ओळींच्या जागी चाळीस ओळी असत्या तरी मी सही केली असती.

हा कोरा राजीनामा आमच्याच शाळेची विशेष युक्ती होती असे मुळीच नाही. हा रोग पुष्कळ ठिकाणी होता, आणि कायदा करणारास तो ठाऊक होता, ह्याचा पुरावा प्रत्यक्ष कायद्यातच आहे. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी सेवाशर्ती विनियमन अधिनियम १९७७ चा आहे. तो अमलात आला १५ जुलै १९८१ रोजी, आणि त्याखालील नियमावलीही त्याच वर्षीची. ह्या अधिनियमाचे सातवे कलम केवळ राजीनाम्याविषयी आहे. राजीनामा द्यावयाचा झाल्यास कर्मचाऱ्याने त्याच्या दोन प्रती कराव्यात, दोहोंवर सही करावी, दोहोंवर तारीख घालावी, एक प्रत नोंदणीकृत टपालाने व्यवस्थापनाकडे पाठवावी, आणि दुसरी आपल्याजवळ ठेवावी, असे त्यात सांगितले आहे.

वरवर पाहता ही कारकुनी सूचना वाटते. परंतु क्षणभर विचार करा. टपाल कशासाठी? शिक्षक आणि सचिव एकाच वाड्यात, दहा पावलांवर बसणारे. कागद हातात देता येत नाही काय? येतो, आणि हातात देता येतो म्हणूनच तो आधी सही करून घेताही येतो. टपालात मात्र एक तिसरा माणूस येतो. टपाल कचेरीतील शिक्का मारणारा तो अनोळखी कारकून सांगतो की, अमुक दिवशी अमक्याने हा लखोटा स्वतः आणून दिला. सचिवाच्या कपाटावर त्या शिक्क्याचा अधिकार चालत नाही. कायद्याने शिक्षकाच्या संरक्षणासाठी पोलीस नेमला नाही, फौज ठेवली नाही. एक टपालाचा शिक्का ठेवला.

ह्याचा प्रत्यय आम्हांस १९८४ साली आला. आमच्या शाळेतील एक शिक्षक, माझ्याहून एक वर्ष जुने, संस्थेच्या बांधकाम निधीला पगाराचा ठरावीक हिस्सा दरमहा देण्यास नकार देऊन बसले. आठ दिवसांत त्यांस पत्र मिळाले : ‘आपला राजीनामा स्वीकृत करण्यात आला आहे.’ कपाटातील कागद बाहेर आला होता आणि त्याला तारीख फुटली होती. ते गृहस्थ शांत स्वभावाचे. कोणाशी भांडले नाहीत. त्याच अधिनियमाच्या नवव्या कलमान्वये, नोकरीवरून दूर केलेल्या शिक्षकास तीस दिवसांच्या आत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. न्यायाधिकरणावर दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर, ह्याहून खालच्या दर्जाचा अधिकारी बसू शकत नाही. त्यांनी अपील केले. तेथे संस्थेस साधा प्रश्न विचारला गेला : लखोटा कोठे आहे? लखोटा नव्हता. नोंदणीची पावती नव्हती. दुसरी प्रत शिक्षकाजवळ असावयास हवी. तीही नव्हती, कारण ती कधी झालीच नव्हती. कायद्यात तीन महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा असे म्हटले आहे. ह्या प्रकरणी दीड वर्ष लागले. पण ते मागील पगारासह परत आले, आणि पहिल्याच तासाला तिसरीच्या वर्गावर पाढे घेऊ लागले, जणू दीर्घ सुटी संपली होती.

आम्हां इतरांच्या कोऱ्या राजीनाम्यांचे पुढे काय झाले, हे आम्ही कधी विचारले नाही आणि संस्थेने कधी सांगितले नाही.

त्या दिवसापासून मी ही नियमावली वाचू लागलो, आणि तिच्यातील एक सूत्र हळूहळू माझ्या ध्यानी आले. कायदा दोन माणसांस बंद खोलीत एकटे सोडावयास तयार नसतो. तो प्रत्येक ठिकाणी एक तिसरा माणूस आणून बसवतो. शिक्षकावर गंभीर आरोप आला, तर नियम ३६ प्रमाणे चौकशी समिती तिघांची. एक व्यवस्थापनाचा, एक त्या शिक्षकाने स्वतः सुचविलेला, आणि तिसरा राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कार मिळविलेल्या शिक्षकांच्या यादीतून घेतलेला, म्हणजे ज्यास ह्या दोघांपैकी कोणाचीही भीड असण्याचे कारण नाही असा. बढतीचा प्रश्न आला, तर ज्येष्ठतेची यादी ठेवावयाची, ती सर्वांस दाखवावयाची, आणि हरकती मागवावयाच्या. येथे तिसरा माणूस म्हणजे शाळेतील प्रत्येक सहकारी. ह्या सर्व तरतुदी अनुदान न घेणाऱ्या मान्यताप्राप्त शाळांसही लागू आहेत, हे विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. ‘आम्ही सरकारचा पैसा घेत नाही, मग सरकारचा नियम का पाळावा?’ हे म्हणणे कायद्यास मान्य नाही.

आता शिक्षकांकडून पालकांकडे येतो, कारण श्रोत्यांत पालकच बहुसंख्य असणार.

शुल्काच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली टी. एम. ए. पै प्रतिष्ठानाच्या निकालात मोठे तत्त्व सांगितले. विनाअनुदानित संस्थेस आपले शुल्क ठरविण्याचे स्वातंत्र्य आहे, शाळेच्या वाढीसाठी वाजवी शिल्लक उरविण्याचेही आहे. परंतु नफेखोरी करता येणार नाही आणि प्रवेशासाठी देणगी उकळता येणार नाही. महाराष्ट्राने देणगीविरुद्धचा कायदा १९८७ सालीच केला होता. शुल्काचा अधिनियम २०११ चा. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर तो २०१४ च्या डिसेंबरात अमलात आला. ह्या अधिनियमातही तोच तिसरा माणूस आहे, आणि तो तुम्ही आहात.

प्रत्येक शाळेने वर्षाच्या आरंभी पालक-शिक्षक संघ स्थापन करावयाचा; त्याची कार्यकारी समिती नेमावयाची; अध्यक्ष मुख्याध्यापक, उपाध्यक्ष एक पालक, आणि प्रत्येक इयत्तेतून एक पालक व एक शिक्षक. ही पालकमंडळी निवडावयाची कशी? कायद्याने निवडणूक सांगितली नाही, संस्थेची पसंतीही सांगितली नाही. इच्छुक पालकांच्या चिठ्ठ्या टाकून सोडत काढावी असे सांगितले आहे. ह्यातील शहाणपणा पाहा. निवडणुकीत गट होतात, पसंतीत खुशमस्करे शिरतात. चिठ्ठीस मात्र नातेवाईक नसतो. पुढील वर्षाच्या शुल्काचा प्रस्ताव संस्थेने सहा महिने आधी ह्या समितीपुढे ठेवावयाचा, समितीने तीस दिवसांत निर्णय द्यावयाचा, आणि मान्य झालेले शुल्क सूचनाफलकावर लावावयाचे. एकदा ठरलेले शुल्क दोन शैक्षणिक वर्षे बदलता येत नाही. समितीच्या आणि संस्थेच्या आकड्यांत पंधरा टक्क्यांहून अधिक अंतर पडले, तर संस्थेस विभागीय शुल्क नियामक समितीकडे जाता येते. तिचा अध्यक्ष निवृत्त जिल्हा न्यायाधीश असतो. पुढे झालेल्या दुरुस्तीने पालकांसही दाद मागण्याची वाट मोकळी झाली, परंतु त्यासाठी शाळेतील पंचवीस टक्के पालकांची सही हवी. ही अट जड आहे असे पुष्कळांचे म्हणणे आहे, आणि ते मला पटते. मुलाच्या शाळेविरुद्ध सही करणे ही सोपी गोष्ट नव्हे. परंतु चिठ्ठी टाकण्यास कोणाच्याही सहीची जोड लागत नाही. आणि तरीही, इच्छुकांची यादी मागविली असता दोन-चार नावेच येतात, हा मी मुख्याध्यापक म्हणून घेतलेला अनुभव आहे. जून महिन्यात शुल्काविषयी घराघरांत जो संताप ऐकू येतो, त्याचा एक अंश जरी त्या सोडतीच्या दिवशी शाळेत आला, तरी कायद्याचे निम्मे काम झाले असे समजावे.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ चा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याची तीनच कलमे सांगतो. मान्यतेवाचून शाळा चालविणारास एक लाख रुपयांपर्यंत दंड, आणि त्यानंतरही ती चालूच ठेवल्यास रोजचे दहा हजार. प्रवेशासाठी देणगी घेतल्यास तिच्या दहापटीपर्यंत दंड. आणि लहान मुलाची किंवा त्याच्या आईबापांची परीक्षा घेऊन प्रवेश देणारास पहिल्या वेळी पंचवीस हजार, पुढे प्रत्येक वेळी पन्नास हजारांपर्यंत. तेव्हा मुलास घेऊन मुलाखतीस जाणाऱ्या दांपत्याने हे ध्यानी ठेवावे की, तेथे उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण व्हावयाचे असेल तर ते शाळेने.

तिसरे कलम बारावे. विनाअनुदानित खाजगी शाळेनेही पहिल्या वर्गातील किमान पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतील मुलांस द्यावयाच्या, त्यांस आठवीपर्यंत फुकट शिकवावयाचे, आणि सरकारने त्याची भरपाई करावयाची. भरपाई वेळेवर मिळत नाही ही संस्थाचालकांची तक्रार आहे, आणि तीत तथ्य आहे. परंतु ९ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्र सरकारने नियमच बदलला. ज्या खाजगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तिला ह्या पंचवीस टक्क्यांतून सूट, असा तो बदल होता. शहरात एक किलोमीटरच्या आत सरकारी शाळा नाही असे ठिकाण शोधावेच लागेल. म्हणजे कलम पुस्तकात राहिले असते आणि मूल वर्गाबाहेर. काही पालक व संस्था उच्च न्यायालयात गेल्या. १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली, आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. ह्या प्रकरणी कायदा मोडू पाहणारी कोणी लबाड संस्था नव्हती. प्रत्यक्ष सरकारच होते. तिसरा माणूस येथेही लागलाच, आणि तो न्यायाधीशाच्या रूपाने आला.

असो. इतके कायदे, इतकी कलमे, इतके साक्षीदार. मग शाळांचे व्यवहार शुद्ध का नाहीत, असे तुम्ही विचाराल. ह्याचे उत्तर देण्यास आमचा जिल्हाच मला उदाहरण पुरवितो. २०२५ च्या एप्रिल महिन्यात नागपूर पोलिसांनी विभागाच्या शिक्षण उपसंचालकांस आणि भंडारा जिल्ह्यातील एका खाजगी शाळेच्या मुख्याध्यापकास अटक केली. आरोप असा की, बनावट कागदपत्रांच्या आधारे ही मुख्याध्यापकाची नेमणूक मंजूर झाली. पुढे धागा उकलत गेला. ‘शालार्थ’ नावाच्या संगणकीय वेतनप्रणालीत बनावट ओळखक्रमांक निर्माण करून शेकडो शिक्षकांचे पगार सरकारी तिजोरीतून काढले गेले, असा संशय घेऊन विशेष तपास पथक नेमले गेले. कोण दोषी आणि कोण निर्दोष हे न्यायालय ठरवील. त्याविषयी मी अवाक्षर बोलणार नाही. मी बोलणार आहे ते अशा गोष्टी कशा शक्य होतात ह्याविषयी, आणि ते मला माहीत आहे.

२ मे २०१२ च्या शासन निर्णयाने नवीन शिक्षकभरतीवर बंदी आली. त्यामुळे कोणास नव्याने चिकटवावयाचे झाल्यास एकच मार्ग उरला. तो मनुष्य बंदीपूर्वीच लागला होता असे दाखवावयाचे. त्यासाठी जुनी जाहिरात हवी, जुना ठराव हवा, जुना नेमणुकीचा आदेश हवा. आणि ह्या सर्वांहून महत्त्वाचा, जुना हजेरीपट हवा. हजेरीपट मुख्याध्यापकाच्या ताब्यात असतो.

२०१४ च्या पावसाळ्यात संस्थेच्या सचिवांनी मला बोलावले. माणूस गोड बोलणारा. चहा दिला, प्रकृती विचारली, आणि म्हणाले, “गुरुजी, मागच्या काही वर्षांचे हजेरीपट वाळवीने खराब झालेत. नवे लिहून काढू. एक नाव राहून गेले होते, तेही येईल.” ते नाव ज्याचे होते त्या गृहस्थास मी आमच्या शाळेत कधीही पाहिले नव्हते. मी म्हणालो, “साहेब, जुना हजेरीपट मी पुन्हा लिहिणार नाही.” ते रागावले नाहीत. म्हणाले, “बरं, नका लिहू. तीन वर्षांनी तुम्ही सेवानिवृत्त होणार. तुमच्या पेन्शनचे कागद ह्याच टेबलावरून जायचेत. तब्येतीला जपा. थोडी रजा घ्या.”

मी पंधरा दिवसांची रजा घेतली. कपाटाच्या किल्ल्या टेबलावर ठेवून घरी आलो. परतलो तेव्हा कपाटात नवे हजेरीपट होते. सहा वर्षे एकाच शाईने, एकाच हाताने लिहिलेली. त्यांवर माझी सही नव्हती. आणि आपली सही नाही ह्या एका गोष्टीवर मी कित्येक वर्षे समाधान मानून राहिलो.

आमच्या शाळेत विनाअनुदानित तुकडीवर एक बाई शिकवीत असत. पदविकाधारक, वर्गात आवाज न चढविणाऱ्या, आणि २००९ पासून जवळजवळ बिनपगारी, कारण त्या तुकडीला अनुदान नव्हते. आज ना उद्या अनुदानित जागा रिकामी होईल आणि ज्येष्ठतेने ती आपणांस मिळेल, ह्या आशेवर त्यांनी पाच वर्षे काढली होती. जागा रिकामी झाली. आणि यादीत त्यांच्या वर २००८ सालचे एक नाव निघाले. त्या माझ्याकडे आल्या. “गुरुजी, ह्यांची नेमणूक माझ्या आधीची कशी? मी तर ह्यांना कधी पाहिलंच नाही.” ज्येष्ठतेच्या यादीवर हरकत घेण्याचा त्यांस नियमाने हक्क होता, तो कोणत्या नियमाने हे मला पाठ होते, आणि त्यांची हरकत खरी आहे हे सांगू शकणारा त्या शाळेत एकच मनुष्य होता. मी म्हणालो, “बाई, ते कार्यालयालाच ठाऊक.” त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि गेल्या. पुढल्या जूनमध्ये त्या आल्या नाहीत. आता त्या दुसऱ्या गावी मुलांच्या शिकवण्या घेतात असे ऐकतो.

कायद्याने माझे पूर्ण रक्षण केले होते, श्रोते हो. मला दूर केले असते तर न्यायाधिकरण होते. चौकशी लावली असती तर तिघांची समिती होती. निवृत्तिवेतन अडविले असते तर दाद मागण्याच्या जागा होत्या. १९८० साली मी कोऱ्या कागदावर सही केली तेव्हा मजपाशी ह्यांपैकी काहीच नव्हते, म्हणून त्या सहीबद्दल मी स्वतःस कधी दोष दिला नाही. २०१४ साली सर्व काही होते. कायद्याने जो तिसरा माणूस आणून बसविला होता तो मीच होतो, आणि तो तिसरा माणूस रजा घेऊन घरी गेला. कायद्यात संस्थाचालकास शिक्षा आहे, लाच घेणाऱ्या अधिकाऱ्यास शिक्षा आहे. किल्ल्या टेबलावर ठेवून घरी जाणाऱ्यासाठी मात्र मला त्या पुस्तकात कलम आढळले नाही.

२०२५ च्या त्या बातमीनंतर मी एक काम केले. मला जे ठाऊक होते ते, ऐकीव गोष्टी गाळून, दोन पानांत लिहून काढले. त्याच्या दोन प्रती केल्या, दोहोंवर सही केली, दोहोंवर तारीख घातली. एक प्रत नोंदणीकृत टपालाने संबंधित कार्यालयाकडे पाठविली. दुसरी माझ्याजवळ आहे. पोचपावती आली आहे. नोंदणीकृत टपालाची ती जुनी स्वतंत्र सेवा त्याच वर्षी टपाल खात्याने स्पीड पोस्टात मिळवून टाकली. तिच्या अखेरच्या काळात तिचा उपयोग मी केला तो एका शिकलेल्या धड्याची उजळणी म्हणून. अकरा वर्षे उशिराने दिलेल्या साक्षीने त्या बाईंची पाच वर्षे परत येणार नाहीत, हे मी जाणतो.

आता तुम्हांस तीनच गोष्टी सांगून भाषण पुरे करतो. मुलाचे नाव शाळेत घालण्यापूर्वी तिची मान्यता पाहावी. शाळेने ती दाखवावी अशी अपेक्षा करण्यात उद्धटपणा नाही. पालक-शिक्षक संघाची सोडत असेल तेव्हा आपली चिठ्ठी टाकावी, आणि नाव निघाल्यास शुल्काचा प्रस्ताव वाचूनच सही करावी. आणि आपल्या घरात कोणी शिक्षक किंवा शिक्षिका असेल, तर तिला ज्येष्ठतेची यादी दरवर्षी पाहावयास सांगावे. तिच्यात न पाहिलेले नाव आढळले, तर तिचा प्रश्न ऐकून घेणारा एक तरी मनुष्य घरात असू द्यावा.

शाळा खाजगी असेल. तेथे बसणारे मूल खाजगी नाही, आणि त्याला शिकविणाऱ्या बाईंचा न्यायही खाजगी नाही. त्यांनी मला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर, कार्यालयाकडे बोट न दाखविता, मी आज प्रथमच मोठ्याने दिले आहे. त्यांच्या घरी रेडिओ असेल, तर ते त्यांच्या कानी पडावे.